साडेतीन वर्षे कॅम्परव्हॅन वापरली आणि साडेचार महिन्यांत स्वतःच विकली : सोलापुरातला अनुभव

सन २०१६ मधील, खासगी नोंदणीची, उंच छताची टेम्पो ट्रॅव्हलर मी ऑगस्ट २०२२ मध्ये ६ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतली आणि ४ लाख ६० हजार रुपये खर्चून तिची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासाची गाडी, करून घेतली. त्या वेळी ती ९२ हजार किलोमीटर धावलेली होती. मार्च २०२६ मध्ये बार्शीच्या एका गृहस्थांच्या ताब्यात दिली तेव्हा आकडा १ लाख २७ हजारांवर होता. वापराविषयी लिहायचे ते विक्रीच्या अंगानेच लिहितो, कारण कोणत्या गोष्टीचे पैसे परत येतात आणि कोणत्या गोष्टीचे येत नाहीत, हे गाडी विकायला काढल्यावरच मला नीट समजले.

सोलापूरसारख्या गावात अशा गाडीची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर गेला की दिवसभर तापलेला पत्रा रात्री बारापर्यंत निवत नाही. छताला व भिंतींना आतून उष्णतारोधक थर आणि छतावर दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा एवढ्या बळावर मार्चअखेरपर्यंत सुखाने झोपता येते. त्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत मी गाडी फक्त दिवसाच्या प्रवासाला वापरली. पहिली बॅटरी इन्व्हर्टरला लावतात तशी ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, होती व तिने दुसऱ्याच उन्हाळ्यात मान टाकली. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होत जाते, हे मला ती बसवण्याआधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. तिच्या जागी २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. ही शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नये असे तिच्या पुस्तिकेत बजावलेले आहे. सोलापूरकराने ते वाचून हसावे आणि पान उलटावे. छतावरच्या सौर पॅनेलकडूनही उन्हाळ्यात फार अपेक्षा ठेवू नये. ऊन भरपूर असते, परंतु पॅनेल तापल्यामुळे वीज त्या मानाने कमी मिळते, आणि मे महिन्यातली माझी नोंद जानेवारीच्या तुलनेत कधीच उत्साहवर्धक नव्हती. आणखी एक त्रास पाण्याचा. बोअरचे पाणी टाकीत भरल्यावर क्षार साचून छोटा पंप दोनदा अडला, म्हणून पुढे मी टाकीत केवळ नळाचे पाणी भरू लागलो. तुळजापूर, विजयपूर, हंपी, कोकण असा प्रवास झाला. डिझेलला साडेदहाच्या आसपास मायलेज मिळाले. त्याविषयी तक्रार नाही.

गुडघ्यांमुळे चालकाच्या जागेवर चढणे-उतरणे जड होऊ लागले, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडी विकायचे ठरवले आणि पहिलीच चूक केली. गाडीची किंमत, फिटिंगचा खर्च आणि नवी बॅटरी यांची बेरीज करून, त्यातून थोडेसे वजा करून, मी १० लाख ५० हजारांची जाहिरात टाकली. सात आठवड्यांत गांभीर्याने विचारणारा एकही माणूस आला नाही. जे आले त्यांत स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारा एक जण होता. बदली झाली असल्याने गाडी न पाहताच आगाऊ रक्कम पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असे तो सांगत होता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो, एवढे मला माहीत होते म्हणून वाचलो.

नंतर जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने ४ लाख २५ हजार सांगितले आणि वर म्हणाला, “सर, ह्यात खाट कशाला? सीटा टाकून वऱ्हाडाला लावायची म्हणलं तर बघू.” तेव्हा राग आला, पण घरी येऊन विचार केला तेव्हा त्याच्या बाजूने तो बरोबर होता असे वाटले. त्याला माझे सगळे लाकूडकाम काढून टाकायचे होते, पैसे काही महिने अडकवून ठेवायचे होते, आणि नोंदणीकृत व्यापारी म्हणून आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरायचा होता. खासगी व्यक्तीने स्वतःची गाडी विकली तर हा कर लागत नाही, म्हणून व्यापाऱ्याच्या आणि थेट विक्रीच्या किमतींतले अंतर विकणारा आणि घेणारा यांनी वाटून घेण्यासारखे असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मिनीबसवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो, आणि मी मात्र २०२२ चा भाव मनात धरून बसलो होतो.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, किंमत पुन्हा पहिल्यापासून मांडली. या वेळी गाडी वेगळी आणि फिटिंग वेगळे धरले. त्याच वर्षाच्या, आसने असलेल्या गाड्यांचे सांगितले जाणारे भाव पाहून, घासाघीस गृहीत धरून, रिकाम्या गाडीचे ४ लाख ९५ हजार ठरवले. फिटिंगमध्ये जे काढून दुसऱ्या गाडीत बसवता येते, म्हणजे बॅटरी, सौर पॅनेल, फ्रिज, छताचा पंखा, त्याला बाजारात किंमत आहे. ६२ हजारांच्या बॅटरीचे अठरा महिन्यांनंतर ४० हजार मागणे कुणालाही खटकले नाही. मरीन प्लायची कपाटे, पलंग, ओटा आणि उष्णतारोधक थर यांवर माझे २ लाख १० हजार गेले होते, त्याचे ६० हजार धरले, आणि हा आकडा लिहिताना हात थांबला हे कबूल करतो. ते काम माझ्या उंचीच्या मापाने, माझ्या आवडीने केलेले होते. घेणाऱ्याला ते कदाचित तोडायचे असेल. सर्व मिळून ६ लाख ६५ हजार झाले, म्हणून ६ लाख ९० हजार सांगायचे ठरवले.

या टप्प्यावर सर्वांत जास्त उपयोग झाला तो आरसी बुकचा. गाडी तयार करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन बदल नोंदवून घेतला होता, त्यामुळे माझ्या आरसीवर आसनसंख्या चार आणि वाहनाचा प्रकार कॅम्परव्हॅन असा स्पष्ट उल्लेख होता. बाजारात आसने काढून पलंग टाकलेल्या, पण कागदावर अजूनही तेरा आसनांच्या असलेल्या गाड्या दिसतात. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद अटळ असतो, आणि जाणता ग्राहक ते ओळखून भाव पाडतो. आरसी, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवल्याची पावती यांची छायाचित्रे, वैयक्तिक तपशील झाकून, जाहिरातीत टाकल्यावर विचारणा करणाऱ्यांची जातच बदलली.

विजयपूरचा एक तरुण ७ लाखांपर्यंत जायला तयार होता. परंतु गाडी कर्नाटकात नेऊन तिथे नव्याने रस्ता कर भरायचा, त्याआधी इथून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, हा हिशेब त्याने केला तेव्हा त्याचा आकडा ६ लाखांवर उतरला. त्यातही त्याचे काही चुकले नाही. नोंदणीची १५ वर्षे २०३१ मध्ये संपणार, ही गोष्टही प्रत्येकाने काढली आणि ती काढायलाच हवी.

बार्शीचे गृहस्थ पक्ष्यांची छायाचित्रे काढतात. उजनीच्या पाणलोटावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला आणि नान्नजच्या माळरानाकडे त्यांचे सतत जाणे असते. त्यांनी इंजिनापेक्षा पंख्याची चौकशी अधिक केली. “सर, पंखा अन् फ्रिज रात्रभर चालतात का, तेवढं सांगा. बाकी मी मेकॅनिककडनं बघून घेतो.” मी तोंडी उत्तर देण्याऐवजी त्यांना एका रात्रीच्या मुक्कामाचे आमंत्रण दिले. वडाळ्याजवळ माझ्या मित्राच्या शेतात आम्ही गाडी लावली. ते गाडीत झोपले, मी मित्राच्या ओसरीवर. संध्याकाळी बॅटरी ९६ टक्के होती, सकाळी सहाला ७१. माझ्या वहीत मार्च महिन्यातील जुन्या नोंदी जवळपास अशाच होत्या, त्या त्यांनी स्वतः चाळून पाहिल्या. डाव्या खिडकीची कडी नीट बसत नाही, हे मात्र त्यांना रात्रीच समजले. मी ते आधी सांगितले नव्हते, सांगायला हवे होते, आणि त्यापोटी सकाळी चहाबरोबर ५ हजार सोडावे लागले. शेवटी ६ लाख ६० हजारांवर व्यवहार ठरला.

पैशांच्या बाबतीत मी काटेकोर राहिलो. त्यांनी निम्मी रक्कम रोख देण्याची तयारी दाखवली होती. परंतु प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही आणि रोख घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होतो, म्हणून २५ हजारांचा विसार ऑनलाइन व उरलेली सर्व रक्कम आरटीजीएसने घेतली. खात्यात पैसे दिसल्यावर मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० या फॉर्मवर सह्या केल्या आणि तारखेबरोबर वेळही लिहिलेली ताबा पावती दोन प्रतींत केली. सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळली नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, मग गाडी प्रत्यक्षात कुणाच्याही दारात उभी असो. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत हस्तांतरण कळवायचे असते. आम्ही दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून अर्ज भरला. एक जुने ई-चलन निघाले ते मी भरले. फास्टॅग बंद केला. विम्यातील ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक त्यांना भरावा लागेल, हे मी भाव ठरतानाच सांगितले होते.

व्यवहारातून एकच वस्तू बाहेर राहिली. गाडीच्या कडेला उघडणारी २२ हजारांची कापडी छत्री मी हिशेबात धरली होती, पण वाऱ्यात ती फडफडते आणि पक्षी उडून जातात असे सांगून त्यांनी तिचे काहीच द्यायला नकार दिला, म्हणून मी ती काढून घेतली. सध्या ती आमच्या गच्चीवर वाळवणावर सावली धरायला वापरतो, आणि कुणाला हवी असल्यास ९ हजारांना देईन.