वर्टला हवा कधी द्यावी आणि कशाने?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरी बीअर बनवताना वर्टला हवा देण्याच्या पद्धतींची पुढील तुलना परवान्याचा प्रश्न आधी मार्गी लावणाऱ्यांसाठीच आहे.

माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर उकळला की त्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ सगळा निघून जातो आणि यीस्टला तर पेशींच्या आवरणासाठी स्टेरॉल हा मेदासारखा घटक बनवायला सुरुवातीला तोच लागतो. वर्ट २७ अंशांच्या खाली आल्यावर, यीस्ट टाकण्याच्या आगेमागे, हा प्राणवायू परत द्यावा. गरम वर्टमध्ये प्राणवायू कमी विरघळतो आणि पुढे बीअरला शिळी चव येण्याचा धोका वाढतो. सोलापुरात खरी अडचण इथेच आहे, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते आणि नळाला पाणी रोज येत नसल्याने वाहत्या पाण्यावर वर्ट गार करणे परवडत नाही. म्हणून पहिला खर्च हवेच्या पंपावर न करता बर्फावर आणि मोठ्या टबावर करावा, असे माझे मत आहे.

फर्मेंटर, म्हणजे वर्ट आंबवण्याचे भांडे, पाच मिनिटे जोरात हलवणे फुकटात होते आणि साध्या बीअरला पुरते. मात्र २० लिटरचे ओले काचेचे भांडे हलवण्याचे धाडस करू नये. माशांच्या टाकीचा पंप आणि स्टीलचा सच्छिद्र दगड वापरल्यास अर्धा तास लागतो, फेसही फार येतो. शिवाय यंत्रमागांच्या वस्तीत हवेत सुताची धूळ असते, त्यामुळे नळीत जंतुरोधक फिल्टर हवाच. आणि एवढे करूनही हवेतून मिळणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमपलीकडे जात नाही, म्हणजे मजल हलवण्याइतकीच. शुद्ध प्राणवायूचा सिलिंडर ही मर्यादा मिनिटभरात ओलांडतो, पण तो महाग असतो, जपून हाताळावा लागतो आणि प्रमाण चुकून जास्तही होऊ शकते.

कोरडे यीस्ट वापरणाऱ्याने यांपैकी काहीच विकत घेऊ नये, कारण ते तयार होतानाच त्यात स्टेरॉलचा साठा भरलेला असतो. द्रवरूप यीस्ट असल्यास हलवणे पुरे. सिलिंडरचा विचार मूळ घनता (आंबण्याआधीची वर्टची घनता) १.०६५ च्या पुढे असलेल्या कडक बीअरसाठीच करावा. तिला काही जण बारा ते अठरा तासांनी प्राणवायूचा दुसरा डोसही देतात. त्यानंतर मात्र भांड्यात हवा जाऊ देऊ नये.