औषध मॅक्रोफेजपर्यंत न्यायचं आहे: यीस्टचे ग्लुकन कण की पीएलजीए?

क्षयाचे जंतू मॅक्रोफेजमध्येच, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींमध्येच, घर करून राहतात. म्हणून रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध थेट त्या पेशीत पोहोचवायचं ठरवलं की पहिला प्रश्न वाहक कोणता घ्यायचा हा येतो. इथे तुलना दोन वाहकांची आहे: यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेली बीटा-ग्लुकन या शर्करा-बहुवारिकाची पोकळ कवचं, आणि पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण. दोन्ही वाहक मायक्रॉनच्या मापाचे आणि दोन्हींना मॅक्रोफेज गिळतात. फरक बेंचवर बसल्यावर कळतो.

आकाराच्या बाबतीत ग्लुकन कण सुखाचे. यीस्टनेच साचा घडवलेला असतो, त्यामुळे कवचं २ ते ४ मायक्रॉनची, पोकळ आणि सच्छिद्र निघतात. पीएलजीएत तोच आकार होमोजिनायझरचा (घुसळण्याच्या यंत्राचा) वेग, पीव्हीए या स्थिरकाचं प्रमाण आणि डायक्लोरोमिथेन हा द्रावक किती झपाट्याने उडतं यावर ठरतो. ते ४० अंशांच्या आतच उकळतं. मे महिन्यात एसी बंद असेल तर कणांचा पृष्ठभाग लवकर बंद होतो आणि खड्डे पडतात.

ग्लुकन कणांची कृती लांबलचक आहे, पण अवघड नाही. क्रॉफर्ड मार्केटात बेकरीसाठी मिळणारं कोरडं यीस्ट चालतं, मात्र संपूर्ण प्रकल्पाला एकाच लॉटचं घ्या. १०० ग्रॅम यीस्ट १ लिटर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशांवर तासभर ढवळायचं आणि सेंट्रिफ्यूज करायचं. तळाशी बसलेला गाळ (पेलेट) पाण्यात घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ४.५ वर आणायचा, मग ७५ अंशांवर आणखी एक तास. त्यानंतर पाण्याने ३ वेळा, आयसोप्रोपॅनॉलने ४ वेळा आणि अॅसिटोनने २ वेळा धुवायचं. इथे घाई करून पाण्यातूनच सरळ वाळवलं तर कवचं बसतात, एकमेकांना चिकटतात आणि बिस्किटासारखी ढेकळं हाती येतात. सगळं नीट झालं तर साधारण दहा-बारा ग्रॅम मळकट पांढरी, हलकी पावडर मिळते.

ग्लुकनची खरी कमजोरी गळती. रिफॅम्पिसिनसारखा लहान रेणू ज्या छिद्रातून आत गेला त्याच छिद्रातून बाहेर येतो. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १ मिलिग्रॅम कणांना सुमारे ५ मायक्रोलिटर द्यायचं, त्याहून जास्त नको. पावडर दमट दिसावी, चिखल होऊ नये. प्रथिनं भरताना नळी ४ अंशांवर ठेवतात. ती सवय इथे मोडा, कारण डीएमएसओ १८ अंशांच्या आसपासच गोठतो. खोलीच्या तापमानावर, अंधारात दोन तास पुरतात. वाळल्यावर पातळ सोडियम अल्जिनेट शोषवून कॅल्शियम क्लोराइडने आत जेल बसवायचं. अल्जिनेट दाट असेल तर ते छिद्रात शिरतच नाही, बाहेर साय धरतं. औषध विटकरी रंगाचं असल्यामुळे तपासणी सोपी आहे: पीबीएस या क्षारयुक्त बफरमध्ये ३७ अंशांवर तासभर हलवून सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्राव नारिंगी दिसला की जेल बसलं नाही असं समजा. आकडा हवा असेल तर त्या द्रावाचं प्रकाशशोषण ४७५ नॅनोमीटरला घ्या.

दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशेबाने संथ विमोचन (औषध हळूहळू सुटणं) हवं असेल तर पीएलजीए सरस आहे, याबद्दल दुमत नसावं. नियामकांनाही तो ओळखीचा आहे. ल्युप्रोलाइड या संप्रेरक-औषधाचे पीएलजीए कण अमेरिकेत १९८९ मध्येच मंजूर झाले.

तरीही माझं पारडं ग्लुकनकडे झुकलं ते पावसाळ्यामुळे. कोरड्या ५०:५० पीएलजीएचं ग्लास ट्रान्झिशन (कडक पदार्थ मऊ होऊ लागतो ते तापमान) ४५ अंशांच्या आसपास असतं, पण पाणी शोषलं की ते दहा-पंधरा अंशांनी खाली येतं. जुलैतल्या मुंबईत उणे २० मधून काढलेली कुपी लगेच उघडली की काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं, पावडर स्पॅच्युलाला चिकटते आणि कडेने पारदर्शक पापुद्रा बनतो. तो भाग पुन्हा सुटे कण देत नाही, कितीही सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा). शिवाय ओलाव्याने एस्टर बंध तुटू लागतात, आम्ल साचतं आणि मागच्या महिन्याचा लॉट या महिन्यासारखा वागत नाही. उपाय आहेत: सिलिका जेलसह दुहेरी पाकीट, एकेका प्रयोगापुरत्या छोट्या कुप्या, उघडण्याआधी डेसिकेटरमध्ये निदान अर्धा तास. पण रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीत हे चार महिने पाळणं जड जातं. ग्लुकनची रिकामी पावडरही दमटते आणि गोळे धरते, पण कवच शाबूत राहतं. पाण्यात घेऊन बाथ सोनिकेटरमध्ये काही मिनिटं ठेवलं, २० मायक्रॉनच्या जाळीतून गाळलं की सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा सुटे कण दिसतात.

ग्लुकन निवडलंत तर दोन गोष्टी आधीच ठरवा. मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-१ हा ग्राही बीटा-ग्लुकन ओळखतो, त्यामुळे कण औषधाविनाही पेशीला चेतवतात. रिकाम्या कणांचा कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) नसेल तर जंतू औषधाने मेले की कवचाने चेतवलेल्या पेशीने मारले, हे सांगता येणार नाही. केवळ औषधाचाच परिणाम मोजायचा असेल तर त्या मानाने शांत असलेला पीएलजीएच बहुधा बरा. दुसरी गोष्ट एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी घटकाची. ते तपासणाऱ्या नेहमीच्या एलएएल चाचणीतला फॅक्टर जी हा घटक ग्लुकननेही जागा होतो, आणि स्वच्छ लॉटसुद्धा दूषित ठरतो. किट मागवतानाच ग्लुकन-ब्लॉकर बफर सोबत घ्या, नाहीतर रिकॉम्बिनंट फॅक्टर सी वापरणारी चाचणी निवडा.