बत्तीस हजारांचा सेन्सर आणि साडेसहाशेची वायर

हायवेवरच्या एका मेस्त्रीने माझ्या ट्रकच्या कामात मला फसवलं, आणि लाज वाटत होती म्हणून तीन आठवडे गप्प बसलो. स्टँडवर आता मला सगळे 'सेन्सरशेठ' म्हणतात. गाडी लावून खाली उतरलो की कुणीतरी विचारतंच, "काय शेठ, लाइट विझली का?" घरी बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तिला बाराच हजार माहीत आहेत. खरा आकडा ४४,१५० रुपये. हे वाचून तुम्हीही हसाल. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझी स्वतःची एकच गाडी. दहा टायरी ट्रक, २०१८चा, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमातला). मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच. लाइन कोल्हापूर-चाकण. जाताना शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग, येताना इथल्या फाउंड्रीसाठी स्क्रॅप. १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी माल भरून निघालो आणि किणी टोलनाक्याच्या अलीकडे पिकअप गेला. ॲक्सिलेटर खाली टेकवला तरी आरपीएम १५००च्या वर जाईना. चेक इंजिनची लाइट पेटलेली. सकाळी आठला माल चाकणला उतरायला हवा होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर परवाशिवाय गाडी आत घेणार नाही म्हणाले. मग चहाच्या टपरीवाल्याने एक नंबर दिला. "सेन्सरचं काम असलं की सगळे तिकडंच जातात," म्हणाला. त्याचं कमिशन ठरलेलं असणार, हे आज कळतंय.

मला अडाणी समजू नका. एकोणीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. जुन्या पंपाच्या गाड्यांचं डिझेल फिल्टर, एअर काढणं, नोझल, हे सगळं रस्त्यात माझ्या हाताने केलंय. पण कॉमन रेल (डिझेल भारी दाबाने एका नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून तिथून इंजेक्टरने इंजिनात फवारायची पद्धत) आल्यापासून आमच्यासारख्यांचे हात बांधले गेले. गाडी का ओढत नाही, ते आता गाडी आपल्याला सांगत नाही, स्कॅनरला, म्हणजे बिघाडाचा कोड वाचणाऱ्या मशीनला सांगते. आणि स्कॅनर ज्याच्या हातात तो म्हणेल ते खरं.

हायवेला लागून पत्र्याचं शेड. वर 'सर्व सेन्सर, ईसीएम रिपेअर' असा फ्लेक्स. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. मेस्त्री तिशीतला, टी-शर्टवर काळा डाग नाही. खरं तर तिथंच ओळखायला पाहिजे होतं, पण वाटलं, कॉम्प्युटरचं काम करणारा माणूस असाच स्वच्छ असणार. त्याने स्कॅनर जोडला, कोड दाखवला: पी-०१९३. "मालक, रेल प्रेशर सेन्सर गेला. असंच पळवलं तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातील. मग दीड लाखाला बसेल." कोड खरा होता बरं का. हीच त्यांची खुबी. कोड खोटा दाखवायची त्यांना गरजच नसते, खोटा असतो तो पुढचा अर्थ.

पी-०१९३ म्हणजे रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतंय. सेन्सर, कनेक्टर, वायरी आणि ईसीएम मिळून ते सर्किट होतं. कोड सर्किटचा असतो, सेन्सरचा नव्हे. हे मला आज पाठ आहे. त्या रात्री माहीत असतं तर एकच प्रश्न विचारला असता, "वायर मीटरने तपासली का?" त्याच्या शेडमध्ये मीटर दिसलाच नाही. ज्या गॅरेजात स्कॅनर आहे पण मल्टिमीटर नाही, तिथून गाडी ढकलत न्यावी लागली तरी बाहेर काढा.

आता तो क्षण सांगतो, ज्यासाठी मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालतो.

केबिन टिल्ट केली. हेल्परने टॉर्च धरला. मेस्त्रीने रेलखाली एक पिवळं फडकं कोंबलं, "डिझेल सांडतं, म्हणून." मला म्हणाला, "मालक, पोराला घेऊन चहा पिऊन या." मी गेलो नाही, तिथंच थांबलो. समोर उभा राहून फसलो, हेच जास्त झोंबतं. त्याची पाठ माझ्याकडे. दहा मिनिटं पाना वाजला. मग तो वळला, हातातलं फडकं बंपरवर टाकलं आणि म्हणाला, "झालं." मी केबिनचा जॅक धरला होता, हाताला ग्रीस लागलं होतं. मी तेच फडकं उचललं आणि हात पुसले.

फडकं कोरडं होतं. पार कोरडं, धुऊन वाळत घातल्यासारखं.

रेलवरचा सेन्सर काढला की आत साठलेलं डिझेल पाझरतंच. थोडं का होईना, येतंच. फिल्टर खोलताना मी स्वतः शंभर वेळा डिझेलने हात भिजवलेत. त्याच माणसाने कोरड्या फडक्याला हात पुसले आणि वर म्हणाला, "स्वच्छ काम केलंस दादा." हे शब्द माझ्याच तोंडचे आहेत. त्याला 'दादा' म्हणालो मी!

गाडी चालू केली, कोड पुसला, लाइट गेली, आरपीएम २,२००पर्यंत चढला. मी खूश. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना सेन्सर हातात ठेवला आणि बिल लिहिलं. सेन्सर १४,५००, त्यावर २८ टक्के जीएसटी ४,०६०, स्कॅनिंग १,५००, ईसीएम प्रोग्रॅमिंग ६,०००, पंपाचा व्हॉल्व्ह क्लीनिंग ३,२००, लेबर २,८००. बेरीज ३२,०६०. "वरचे साठ राहू द्यात मालक." २० हजार फोनवरून पाठवले, ते गेले कुणा तिसऱ्याच्याच नावावर. १२ हजार रोख दिले. डिझेलला ठेवलेल्या पैशांतले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नोव्हेंबरात त्याने मला २८ टक्के लावला. आणि बिलावरचा जीएसटी नंबर २९ने सुरू होतो. २९ म्हणजे कर्नाटक. आपला महाराष्ट्राचा २७. शेड किणीजवळ आणि नंबर बेळगावकडचा की कुठला, कोण जाणे. बिल खिशात घालायच्या आधी नंबराचे पहिले दोन आकडे बघायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मी ते दहा दिवसांनी बघितले.

चाकणला माल उतरला. स्क्रॅप भरून परत निघालो आणि २० तारखेला खंबाटकी घाट चढताना तेच. चेक इंजिन, १५०० आरपीएम, मागे ट्रकांची रांग आणि हॉर्नचा कालवा. सोळा टन घेऊन गाडी अर्ध्या घाटात बसली. मेस्त्रीचा फोन स्विच ऑफ. क्रेन बोलावली, तिने सुरूर फाट्यापर्यंत सोडलं, ७,५०० रुपये. तिथून ताशी चाळीसने रखडत कोल्हापूर गाठलं. फाउंड्रीवाल्याने उशिराचे ४,००० भाड्यातून कापले. त्याला तरी काय बोलायचं, त्याची भट्टी थांबली होती.

मग कोल्हापुरातच उद्यमनगरात एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आधी तिथं का गेलो नाही, असं विचारू नका. रात्र होती, माल अंगावर होता, किणी कुठं आणि उद्यमनगर कुठं.

चाचांनी वर्तमानपत्र उघडलं, सेन्सर फिरवून बघितला आणि म्हणाले, "कुठला आणलायस रं हा? ह्याला पिना दोन, तुझ्या रेलच्या सेन्सरला तीन. हा ऑइल प्रेशरचा हाय." मग टॉर्च घेऊन मला रेलजवळ वाकवलं. कंपनीत सेन्सर आवळला की त्याच्यावर रंगाची खूण मारतात. माझ्या सेन्सरच्या षटकोनावरून रेलवर उतरलेली पिवळी रेघ होती. सरळ, अखंड, वर धूळ बसलेली. सेन्सर एक चिमूटभर जरी फिरला असता तरी ती रेघ तुटली असती. २०१८ साली आवळलेला सेन्सर तसाच जागेवर होता. १४,५०० रुपये देऊन मी माझाच सेन्सर माझ्याच गाडीत ठेवून घेतला होता.

चाचांनी कनेक्टर काढला, चावी ऑन केली आणि मीटर लावला. पाच व्होल्टची सप्लाय बरोबर, अर्थिंग (अर्थची वायर) मिळेना. कनेक्टरपासून चार बोटं मागे वायरिंग एका ब्रॅकेटला केबल टायने करकचून बांधलेलं. वरची रबरी साल शाबूत, आत तांबं तुटून हिरवं पडलेलं. अर्थिंग तुटलं की सिग्नल वर चिकटतो, ईसीएमला वाटतं प्रेशर भलतंच वाढलं, आणि तो गाडीचा दम कमी करतो. त्या मेस्त्रीने काय केलं असेल? कनेक्टर काढला, झटकला, परत लावला. तुटकी टोकं दोन दिवस एकमेकांना टेकली आणि धक्क्यांनी परत सुटली. बस्स. 'प्रोग्रॅमिंग'चं विचारलं तर चाचा हसले. इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड ईसीएमला द्यावा लागतो. माझ्या गाडीत हा सेन्सर बदलला तर फॉल्ट पुसायचा, एवढंच. सोल्डर, स्लीव्ह, नवा टाय ढिला बांधून: ६५० रुपये. तेव्हापासून पाच ट्रिपा झाल्या, लाइट पेटलेली नाही.

आता कायदा. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा गेलो तर हद्दीचा घोळ. शेड ह्या ठाण्याचं की पलीकडच्या, ह्यावर दोन हवालदार माझ्यासमोर अर्धा तास बोलले. पलीकडे गेलो, त्यांनी इकडे पाठवलं. तिसऱ्यांदा अर्ज लिहून नेला तर म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? काम झालं, बिल मिळालं, मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." मी टेबलावर सेन्सर ठेवला. एकाने हातात तोलून विचारलं, "हे काय, नळाचा कॉक?" सगळे हसले. अर्जाची पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस जेवायला गेलेला. दीड तास बाकावर बसलो. तो माणूस जेवून आला, मला बघून परत गेला. माझ्या समोर एका मोटारसायकलवाल्याची पीयूसीवरून बिनपाण्याने चालली होती. त्याला दंड लगेच, पावतीही लगेच! खोट्या बिलाचा जीएसटी नंबर घेऊन कराच्या एका कार्यालयातही गेलो. म्हटलं, इथं तरी त्यांचाच पैसा बुडालाय, धावत येतील. खिडकीतल्या बाईंनी ऑनलाइन टाका म्हणून सांगितलं. टाकलं. चार दिवसांनी 'संबंधित कार्यालयाकडे वर्ग' असा मेसेज आला आणि तक्रार बंद दिसायला लागली. कुणाकडे वर्ग, का बंद, विचारायला कुणी माणूस नाही. आम्ही टोल, टॅक्स, फिटनेस, परमिट सगळं वेळेवर भरतो. एक दिवस चुकलं तर हात दाखवून गाडी बाजूला घेतात. आणि आमचे बत्तीस हजार गेले की ते दिवाणी.

एका वकील मित्राने मात्र वेगळं सांगितलं. गाडी धंद्याची म्हणून ग्राहक होत नाही, असं समोरचा म्हणेल. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहकच. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज तयार करतोय. पण कागद काय आहे माझ्याकडे? खोट्या नंबराचं बिल, तिसऱ्याच्या नावाची पावती आणि दोन पिनांचा ऑइल प्रेशर सेन्सर. रेघेचा फोटो मात्र चाचांनी काम सुरू करायच्या आधीच काढायला लावला, मीटरच्या रीडिंगसकट. तेवढाच भक्कम पुरावा आहे. जुना भाग काढायच्या आधी जागेवरचा फोटो काढा, नवा बसवल्यावर परत काढा. मेस्त्री फोटो काढू देत नसेल तर पुढं बोलायचंच नाही. पैसे शेडच्या नावावर जातात की मेहुण्याच्या, ते पाठवायच्या आधी वाचा. आणि बीएस-६वाल्यांनो, तुमच्या गाड्यांत नॉक्सचे (धुरातल्या विषारी वायूचे), धुराच्या फिल्टरचे सेन्सर आमच्यापेक्षा जास्त आणि महाग. तुम्ही तर आयते गिऱ्हाईक.

परवा चाकणहून येताना त्या शेडसमोर गाडी हळू केली. एका टिपरची केबिन टिल्ट केलेली, तोच स्वच्छ टी-शर्ट, तेच पिवळं फडकं. मी उतरलो. मेस्त्रीने ओळखलं, पण चेहरा हलला नाही. "मालक, तुमची दुसऱ्या कुणीतरी वायर ओढली असणार," म्हणाला. आवाज चढला, हेल्पर जवळ आले, मी एकटा. टिपरचा ड्रायव्हर लांब टायरवर बसून तंबाखू मळत होता. जाता जाता त्याला म्हणालो, "भाऊ, ते फडकं डिझेलने भिजतंय का तेवढं बघ." त्याने मान हलवली. गाडीची पाटी गुजरातची होती, माझं बोलणं त्याला कितपत कळलं कोण जाणे.