उद्यमबाग, बेळगाव: डिझेल पंप आणि नोझलचं वर्कशॉप (काम: होडीच्या इंजिनात ऑइलमध्ये उतरणारं डिझेल)

चार स्टार देतोय. पाचवा का नाही ते पुढं येईलच.

आमचं गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. पावसाळ्यात राजापूर बंधाऱ्याकडनं पाणी आलं की कल्लोळ-यडूर बंधारा बुडतो, मळीतली रानं तुटतात आणि वैरण, दुधाच्या किटल्या, माणसं सगळं होडीतनं. होडीवर सिंगल सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलंय, हँडल मारून चालू करायचं, विहिरीवर असतं तसलंच. टाकी वर, इंजिन खाली. मधे फीड पंप नाही, डिझेल आपल्या वजनानं उतरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा घोळ त्या उतरण्यातच होता.

झालं असं, की ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं. धाकटा भाऊ खूश, म्हणाला बरं झालं की, ऑइलचे पैसे वाचले. पट्टी नाकाला लावली तर डिझेलचा वास. एक थेंब पेपरच्या कागदावर सोडला, तर मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं. पाणी गेलं असतं तर ऑइल ताकासारखं पांढरट झालं असतं, तसं नव्हतं. म्हणजे डिझेलच. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पातळ ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही, मोठं बेअरिंग गेलं तर क्रँकच खराब होतो. पातळी फार चढली तर ब्रीदरवाटे (इंजिनाच्या ऑइलच्या भागातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइलची वाफ आत ओढली जाऊन इंजिन त्याच्यावरच पळत सुटू शकतं, मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. पुराच्या धारेत असल्या इंजिनावर माणसं बसवायची म्हणजे विचार करा.

जवळच्या एका मेस्त्रीनं इंजिनाकडं लांबनं बघूनच निकाल दिला: रिंगा गेल्या, लायनर-पिस्टन बदला, हाफ इंजिन काम. मला पटलं नाही. रिंगा गेलेलं इंजिन हँडलला दमवतं, ब्रीदरमधनं भकाभका धूर सोडतं. आमचं एका हिसक्यात चालू होत होतं आणि ब्रीदर स्वच्छ. पाहुण्यांच्या ट्रॅक्टरचा पंप उद्यमबागेत नीट झाला होता, तिथला नंबर घेऊन फोन लावला.

इथनं पुढं या वर्कशॉपचं कौतुक. इंजिन छोटा हत्तीत घालून आणतो म्हटलं, तर पलीकडनं मेस्त्री म्हणाले, "इंजिन आणू नका ओ काका. आधी ऑइल बदला, पट्टीवर कानशीनं खूण करा. एक रात्र टाकीचा कॉक बंद ठेवून बघा, दुसऱ्या रात्री उघडा ठेवून बघा. दोन्ही वेळा इंजिन चालवायचं नाही." गिऱ्हाईक स्वतःहून गाडीभाड्यासकट यायला तयार असताना त्याला घरीच तपासायला लावणारा माणूस मी तरी आधी बघितला नव्हता. कॉक बंद, तर ऑइल खुणेवर. कॉक उघडा, तर सकाळी खुणेच्या वर. इंजिन जागेवर उभं असताना ऑइल वाढतंय म्हटल्यावर रिंगांचा संबंधच संपला. नोझलचाही, कारण पंपानं दाब दिल्याशिवाय नोझल डिझेल सोडतच नाही. राहिला तो पंप. या इंजिनांत पंप थेट ब्लॉकमध्ये बसतो, त्याच्या बुडातनं गळेल ते कॅमवरनं सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये.

मग पंप आणि नोझल तेवढं खोलून पिशवीत घालून नेलं. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, पंपाखालच्या शिमा (पातळ चकत्या) हरवू नका, जितक्या निघतील तितक्याच परत बसवा, नाहीतर टायमिंग हलेल. बेंचवर पंप कोरडा पुसून वरनं डिझेल सोडलं, आणि बुडाला थेंब धरायला लागले. मला वाकून बघायला लावलं. एलिमेंट, म्हणजे पंपातली प्लंजर-बॅरलची जोडी, बाहेर काढून उजेडात धरलं तर प्लंजरवर उभे ओरखडे आणि बॅरल जिथं टेकतं त्या कडेवर गंजाचे खड्डे. डिझेलमध्ये पाणी. होडीवर कॅनमध्ये डिझेल ठेवणारे आपण सगळेच, पावसाचं, दवाचं पाणी जातंच. प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, दोन्ही एकमेकांत घासून जोडीनं तयार केलेले, म्हणून बदलायचे तेही जोडीनंच. नोझल टेस्टरवर लावलं, फवारा बरा होता, दाब थोडा उतरलेला, तो लावून दिला. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तांब्याचे वॉशर, मजुरी सगळं धरून दोन हजारांच्या आत. हाफ इंजिन कामाचा आकडा इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला अंदाज असेल.

मला जास्त आवडलं ते पुढचं. पंप बांधता बांधता विचारलं, "इंजिन थंड करायला नदीचंच पाणी ना? बाहेर पडतं ते हाताला कोमट तरी लागतंय का?" नाही लागत, गारच असतं. म्हणाले, मग थोडं डिझेल त्या वाटेनंही जात असणार. थंड लायनरवर डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि काठाला माणसं चढेपर्यंत इंजिन हळू घुरघुरत ठेवलं तर आणखीच. बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं थोडं पाण्याच्या पंपाच्या तोंडाकडं परत वळवा, मधे एक कॉक टाका, पाणी चांगलं गरम लागेपर्यंत फिरवा. रोज ट्रॅक्टर-ट्रकचे पंप उघडणाऱ्या माणसाला होडीचं हे सुचलं. याचे पैसे घेतले नाहीत.

आता कापलेला स्टार. एलिमेंट दोन दर्जाचे असतात हे मी विचारल्यावर सांगितलं, आणि हात आधी स्वस्तातल्या पुडीकडं गेला होता. बिल मागून घ्यावं लागतं, मिळते ती चिठ्ठी. दुपारनंतर फोन उचलत नाहीत. ट्रकवाले आले की आपला पंप मागं, आणि थांबायला बाकडंसुद्धा नाही. जुनं एलिमेंट मात्र न मागता हातात दिलं. भाषेची अडचण नाही, मालक कन्नडमध्ये हिशेब करतात आणि मराठीत घासाघीस.

पुराचा हंगाम निघाला, पट्टीवरचं ऑइल कानशीच्या खुणेच्या वर गेलं नाही. पंप बसवल्यावर डिझेल मिसळलेलं ऑइल काढून जाळी धुतली, नवं ऑइल घालून थोडं चालवून तेही बदललं. कॅनला आता गाळणी आणि पाणी बसायला खाली जागा ठेवली आहे.

आमच्या बाजूनं जाणाऱ्यांनी संकेश्वरवरनं हायवे धरावा, हत्तरगी टोलनंतर बेळगाव, मग खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटकडं. सकाळी शटर उघडताना पोचा. पंप डिझेलनं भिजलेला असतो, प्लास्टिकच्या डब्यात न्या, एसटीत कंडक्टर ओरडतो.