मशरूम गमी, पाच महिने आणि माझी चुकांची वही

मी मुद्रितशोधन करते. अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांची कामं नियमित असतात, सदाशिव पेठेत घरी बसूनच करते. वय ४८. गेल्या दिवाळीनंतर माझ्या हातून चुका सुटायला लागल्या. एका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच 'बाबांना'ऐवजी 'बाबाना' छापलं गेलं. पान माझ्याच हाताखालून गेलं होतं. लेखक काही बोलले नाहीत, पण त्यांनी वडिलांसाठी लिहिलेली ती एकच ओळ होती आणि तीच बिघडली. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. आपलं लक्ष उडतंय, डोकं जड राहतंय, हे काम आता आपल्याला जमेनासं होतंय, असं सारखं मनात यायचं.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आमच्या टीममध्ये निम्मे जण मशरूम गमी घेतात. फोकस वाढतो म्हणे. तू महिनाभर घेऊन तर बघ." गमी म्हणजे मशरूमचा अर्क घातलेल्या, जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या. तिनेच पहिली डबी मागवून दिली. नंतरच्या मी घेतल्या. जानेवारी ते जून मिळून ५ डब्या झाल्या, ११९९ रुपयांना एक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते बाजारातल्या बऱ्याच डब्यांना लागू पडतं.

काम असं आहे की माझं लक्ष मोजता येतं. मी दुसरं प्रूफ वाचते, माझ्यानंतर संपादक शेवटचं वाचतात आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका त्यांच्या लाल पेनाने समोर येतात. म्हणून गमी सुरू करण्याआधी डिसेंबरात तीन आठवडे मी एक वही ठेवली. १६ पानांच्या एका फर्म्याला किती वेळ लागला, त्यात किती चुका सुटल्या आणि कोणत्या, एवढंच. सरासरी निघाली सव्वादोन तास आणि ५-६ चुका. मग ८ आठवडे रोज सकाळी पोह्यांनंतर २ गमी, मग ४ आठवडे बंद, मग पुन्हा सुरू, असं ठरवलं. 'मला बरं वाटलं' एवढ्यावर मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

चव चांगली आहे. बेरीसारखी, किंचित आंबट, शेवटी जिभेवर मातीचा हलका वास राहतो. पहिले आठ-दहा दिवस पोट फुगल्यासारखं व्हायचं, नंतर थांबलं. दोन गमींत ४ ग्रॅम साखर, म्हणजे एक चमचा. डबीवर हिरवा ठिपका होता. प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन नसून फळांतलं पेक्टिन होतं, त्यामुळे आमच्याकडे चाललं.

आणि खरं सांगते, पहिल्या पंधरवड्यात मला फार छान वाटलं. सकाळी टेबलाशी बसताना उत्साह असायचा. झोपही सुधारली. भाचीला फोन करून सांगितलं, तिलाही आनंद झाला. पण वहीत चुका ५, ६, ५, ७, ५ अशाच. वेळ दहाएक मिनिटांनी कमी झाला होता, चुका तेवढ्याच. झोपेचं म्हणाल तर त्याच दिवसांत मी संध्याकाळचा साडेपाचचा चहा सोडला होता, त्यामुळे श्रेय कोणाचं ते मी ठरवू शकत नाही. मधल्या बंद महिन्यात उत्साह थोडा ओसरला, आकडे मात्र जागचे हलले नाहीत.

त्या बंद महिन्यात मी डबी शांतपणे वाचली. छापलेलं बारीक वाचणं हा माझा धंदा आहे, आणि हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. समोर मोठ्या अक्षरात '५००० मिग्रॅ, ६ मशरूम'. मागे बारीक अक्षरात प्रत्यक्ष ५०० मिग्रॅ, तेही दोन गमी मिळून. अर्क दहापट घट्ट असल्याचं सांगून समोरचा आकडा दहाने गुणलेला होता. त्या ५०० मिग्रॅत लायन्स मेन, रेशी, कॉर्डिसेप्स, चागा, टर्की टेल आणि शिताके असे सहा वाटेकरी. कोणाला किती, ते लिहिलेलंच नाही. सारखी वाटणी धरली तर प्रत्येकाला जेमतेम ८३ मिग्रॅ.

लक्ष आणि स्मरणशक्तीसाठी ज्याचं नाव घेतात तो लायन्स मेन. झाडाच्या खोडावर पांढऱ्या लोंबत्या काट्यांचा गोळा असावा तसा दिसतो. जपानात त्याला यामाबुशिताके म्हणतात आणि खातात. त्याच्याबद्दल संशोधन आहे, हे मान्य करायलाच हवं. जपानी शास्त्रज्ञ कावागिशी यांच्या चमूने १९९०च्या दशकात त्यातून हेरिसिनोन आणि एरिनासिन ही द्रव्यं वेगळी काढली. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ती मज्जातंतूंची वाढ करणाऱ्या प्रथिनाला चालना देतात. हे प्रथिन शोधल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं होतं. जाहिरातीत 'नोबेल' हा शब्द येतो तो इथून. पण नोबेल त्या प्रथिनासाठी होतं, मशरूमसाठी नव्हे. आणि बशीतल्या पेशीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत फार अंतर आहे.

माणसांवरच्या प्रयोगांपैकी दोन मी नीट वाचले. २००९ साली जपानमध्ये ५० ते ८० वयाच्या, सौम्य विस्मरण सुरू झालेल्या ३० जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, १६ आठवडे. खरी घेणाऱ्यांचे गुण वाढले, आणि गोळी थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. मात्रा होती रोज ३ ग्रॅम. माझ्या डबीत सगळंच्या सगळं लायन्स मेन असतं तरी तिथे पोचायला रोज १२ गमी लागल्या असत्या, म्हणजे सहा चमचे साखर.

दुसरा २०२३चा, इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातला. १८ ते ४५ वयाचे ४१ निरोगी लोक, मात्रा १.८ ग्रॅम. त्यात एक चाचणी होती ती मी घरी कागदावर करून पाहिली: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळतेच. एका मात्रेनंतर तासाभराने लोक यात थोडे जलद झाले. २८ दिवसांनी ताण कमी वाटल्याचा कल दिसला, पण तो ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. बाकीच्या बऱ्याच चाचण्यांत फरक नाही. एवढ्या पुराव्यावर 'लेझर फोकस' असं डबीवर छापणं मला पटत नाही. मी आयुष्यभर शब्द तोलूनच पुढे पाठवत आले आहे, म्हणून हे जास्त खटकतं.

अजून एक शब्द मागे होता, 'मायसेलियम बायोमास'. तो वाचला आणि मी थांबले. काही वर्षांपूर्वी अळिंबी, म्हणजे मशरूम, लागवडीवरचं एक पुस्तक मी तपासलं होतं. आपल्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावायचं प्रशिक्षणही देतात, त्यामुळे पुण्याच्या आसपास शेडमध्ये अळिंबी घेणारे बरेच आहेत. ते ज्याला 'स्पॉन' म्हणतात ते अळिंबीचं बियाणं: गहू किंवा ज्वारी उकडून, निर्जंतुक करून पिशवीत भरायची, त्यावर बुरशी सोडायची, आणि दाण्यांभोवती पांढरी जाळी पसरली की बियाणं तयार. ती पांढरी जाळी म्हणजे मायसेलियम. आता दाण्यावर वाढलेलं मायसेलियम वाळवून दळलं, तर दाणाही त्यात दळला जातो. म्हणजे पावडरीत धान्याचा स्टार्च. ज्या बीटा-ग्लुकॅनसाठी, म्हणजे मशरूममधल्या एका तंतुमय घटकासाठी, मशरूम घ्यायचं ते अशा मालात फळाच्या, म्हणजे छत्रीच्या मानाने बरंच कमी भरतं. एरिनासिन मात्र मायसेलियममध्येच असतं, म्हणून मायसेलियम म्हणजे सरसकट फसवणूक असं मी म्हणणार नाही. पण दाणा किती आणि बुरशी किती, हे तरी सांगायला हवं.

मी कंपनीला तसं लिहिलं. बीटा-ग्लुकॅन किती टक्के आणि माझ्या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का, असे दोनच प्रश्न. आठ दिवसांनी एक कागद आला: दुसऱ्याच बॅचचा, जड धातूंचा. शिसं, पारा मर्यादेत होते, ते चांगलंच आहे. बीटा-ग्लुकॅनबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर आलं नाही. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक होता, 'औषधी वापरासाठी नाही' हेही होतं. पण त्या परवान्याचा अर्थ लक्ष वाढतं हे कुणी तपासलंय असा होत नाही, हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना माहीत नसतं. अहवाल मागायचं आणखी एक कारण होतं. २०२४ मध्ये अमेरिकेत मशरूमच्या नावाखाली विकलेल्या चॉकलेट आणि गमींनी लोक आजारी पडले, ७०हून जास्त जण रुग्णालयात गेले, आणि त्या मालात मस्किमॉलसारखी नशा आणणारी द्रव्यं सापडली. ती वेगळ्या जातीची गोष्ट, पण तोंडात काय जातंय ते विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच.

एप्रिलमध्ये पुन्हा सुरू करायला डबी मागवली. कुरिअरवाल्याने ती दुपारी वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवली. पारा चाळिशीला टेकलेला. संध्याकाळी झाकण उघडलं तर साठच्या साठ गमींचा एक जांभळा गोळा, वर साखरेचं पाणी सुटलेलं. कंपनी म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेवा, गुणधर्म तेच राहतात." ठेवला. दगडासारखा झाला. सुरीने कापला तर एक तुकडा दीड गमीचा, दुसरा पाऊण गमीचा. मात्रा कशी मोजायची? पैसे परत मिळाले नाहीत. दुसरी डबी घ्यावी लागली. मार्च ते मे पुण्यात गमी मागवूच नयेत, असं माझं मत झालंय.

हा गोळा फ्रीजमध्ये असतानाच सासूबाईंनी विचारलं, "मलाही दे ना गं, अलीकडे नावं आठवत नाहीत." त्या ७९ वर्षांच्या आहेत आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आजींना अजिबात देऊ नका. रेशीने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, त्या गोळीच्या जोडीला नको." चागाचं नंतर वाचनात आलं: त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि जपानमध्ये एका ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे पावडर घेतल्यावर मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसची वेळ आली होती. गमीतली मात्रा त्याच्या जवळपासही नाही. तरी ज्याला मुतखड्याचा त्रास आहे त्याने आधी विचारावं. सासूबाईंना मी स्पष्ट नाही म्हटलं, त्या थोड्या नाराज झाल्या.

आता वहीचं. एप्रिलच्या शेवटी मी चारही महिन्यांच्या सुटलेल्या चुका प्रकारानुसार मांडल्या. गळलेला शब्द, दोनदा पडलेली ओळ, चुकलेलं नाव, उलटं अवतरणचिन्ह: यांतलं जवळजवळ काहीच माझ्या हातून सुटलं नव्हतं. सुटले होते ते अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार. म्हणजे शिरोरेषेच्या वरचं आणि अक्षराच्या खालचं, जे बारीक असतं तेच. लक्ष उडालेल्या माणसाच्या चुका अशा जागा बघून होत नाहीत. 'बाबाना' पुन्हा डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्या दिवशी टिळक रस्त्यावर डोळे तपासले. जवळचा नंबर १.२५ वरून २ झाला होता. तीन वर्षं तपासलेच नव्हते.

नवा चष्मा मेच्या पहिल्या आठवड्यात आला. पहिल्याच फर्म्यात २ चुका सुटल्या, नंतर ३, २, १, ३. दुपारी चार वाजता डोकं जड व्हायचं तेही कमी झालं. तेव्हा गमी सुरू होत्या. ८ जूनला शेवटच्या दोन खाल्ल्या. आज पाच आठवडे झाले, आकडा २-३ वरच आहे.

एका माणसाची वही म्हणजे संशोधन नाही. कुणाला पुरेशा मात्रेत, नुसत्या लायन्स मेनच्या फळाच्या अर्काने फायदा होतही असेल; वयस्कर लोकांवर मोठ्या चाचण्या व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण सासूबाईंचा तो प्रश्न खोटा नव्हता. माझ्या डबीबद्दल मात्र मी सांगू शकते: चवीला बरी, मात्रा तुटपुंजी, लेबल अपुरं, आणि माझ्या लक्षात किंवा चुकांत तिच्यामुळे मोजता येईल असा फरक पडला नाही.

भाची अजून घेते. मागच्या रविवारी आली तेव्हा तिच्या नव्या डबीची मागची बाजू आम्ही दोघींनी खिडकीशी उभं राहून वाचली. त्यावर 'फ्रूटिंग बॉडी', म्हणजे छत्रीचा भाग, असं लिहिलंय, बीटा-ग्लुकॅन २५ टक्के लिहिलंय, प्रत्येक मशरूमचे मिलिग्रॅमही वेगळे दिलेत. तिने अहवाल मागवलाय. वही कशी आखायची ते विचारून गेली.