क्रॉस बदलल्यावर थरथर: दोष शाफ्टचा की चाकाचा?

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा आणि क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. तो बदलल्यावर गाडी थरथरायला लागली, तर आधी दोष कुठला ते ओळखा. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्यामुळे शाफ्टची थरथर बारीक, घुमल्यासारखी, सीटखाली जाणवते. चाकाची जाड, पुढचं चाक असेल तर स्टिअरिंगमध्ये. चाकं पुढची मागे करून बघा. हादऱ्याची जागा बदलली, तर दोष चाकाचा; चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या.

शाफ्टचं मात्र नीट बघावं लागतं. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) एखादा दात चुकून बसला, की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत. खोलण्याआधी रंगाची खूण करायलाच हवी! योक जुळत असतील, तर क्रॉसच्या चारही सर्क्लिप (क्रॉसच्या टोप्या जागेवर धरणाऱ्या कड्या) खाचेत पूर्ण बसल्यात का, ते बोटाने चाचपा. तेही ठीक असेल, तर डिफरन्शियलकडचे (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याकडचे) फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या चकतीचे, बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवा.