‘लायसन लागत नाही’ असे सांगून आमच्या गटाला विकलेले वॉकी-टॉकी

ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या आमच्या गावांत धान निसवले की कापणी होईपर्यंत रात्रीची जागल करावीच लागते, कारण रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खी बांधी तुडवून टाकतो आणि त्या कळपाच्या मागावर वाघही असू शकतो. बहुतेक वावरांत मोबाइलला नेटवर्क नाही. एका माळ्यावरच्या (राखणीच्या मचाणावरच्या) माणसाला दुसऱ्या माळ्यावरच्या माणसाला सावध करायचे असेल, तर हाकारा देणे किंवा बॅटरीचा उजेड दाखवणे एवढेच उपाय उरतात. त्यामुळे वॉकी-टॉकी ही आमच्याकडे हौसेची वस्तू नाही. याच गरजेचा फायदा घेऊन तालुक्याच्या गावी भरलेल्या कृषी प्रदर्शनातील एका विक्रेत्याने आमच्या शेतकरी गटाला संच विकले, आणि जंगलात भटकंतीला येणाऱ्या तरुणांनाही तो तोच माल विकत होता, म्हणून ही हकिकत सविस्तर लिहीत आहे.

डब्यावर नारिंगी कोट घातलेल्या बंदूकधारी शिकाऱ्याचे चित्र होते आणि खाली ‘शिकार व भटकंतीसाठी, ५ वॅट, १६ किलोमीटर रेंज, लायसनची गरज नाही’ असा मजकूर इंग्रजीत छापलेला होता. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा माल आपल्याकडच्या वापरासाठी बनलेला नाही, हे त्या चित्रावरूनच दिसते. अमेरिकेत ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे काही ठरावीक चॅनेल कौटुंबिक वापरासाठी खुले आहेत आणि तिथले शिकारी व गिर्यारोहक ते परवान्याशिवाय वापरतात. ‘लायसन नको’ हे वाक्य तिकडचे आहे. भारतात तो पट्टा खुला नाही, आणि खुद्द अमेरिकेतही त्या सेवेला २ वॅटची मर्यादा आहे, म्हणजे ५ वॅटच्या संचावर छापलेले ते वाक्य तिथेसुद्धा खरे ठरत नाही.

रेंजची खात्री पटवण्यासाठी विक्रेत्याने सर्वांसमोर प्रात्यक्षिक दिले. त्याचा माणूस मोटारसायकलवर दूर गेला आणि कित्येक किलोमीटरवरून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. तो माणूस दुसऱ्या गावातील पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होता, ही गोष्ट नंतर तिथल्या नळयोजनेच्या कर्मचाऱ्याकडून समजली. या युक्तीचे गणित प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते. अशा संचांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांची पोहोच अँटेनाच्या उंचीवर ठरते. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की एका बाजूची पोहोच किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातील संच दीड मीटरवर धरला, तर दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे १० किलोमीटर होतात, आणि तेही वाटेत झाड, टेकडी, घर काहीही नसेल तर. एक जण १५ मीटर उंचीच्या टाकीवर गेला की हाच आकडा २१ किलोमीटरपर्यंत जातो. वॅट वाढवून ही मर्यादा फारशी हलत नाही, मात्र बॅटरी लवकर संपते.

प्रत्यक्ष जागलीत काय घडले, ते या गणितावरून ओळखता येईल. मोकळ्या बांध्यांतून किलोमीटरभर आवाज बरा येत होता, पण मध्ये सागाचे जंगल आणि नाल्याचा खोलगट भाग आला की पलीकडून काहीच येत नसे. धान निसवण्याच्या दिवसांत साग पानांनी भरलेला असतो आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. ज्या माळ्याशी बोलण्यासाठी हे संच घेतले होते, तो माळा नेमका जंगलाच्या पलीकडे होता. “भाऊ, आवाज नाही येऊन राह्यला,” असे पलीकडचे काका सकाळी येऊन सांगत, तेव्हा रात्रभर ते केवळ त्या संचाच्या भरवशावर एकटे बसले होते, याची मला धडकी भरत असे. प्रात्यक्षिकातील लबाडी म्हणूनच मला पैशापेक्षा मोठी वाटते.

त्याहून गंभीर बाब पुढे कळली. बीटच्या वनरक्षकाने संच पाहिले आणि हे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, असे विचारले. डब्यावर ‘४०० ते ४७० मेगाहर्ट्झ’ एवढेच लिहिलेले होते. नागपूरच्या एका तंत्रज्ञाकडून संगणकाला जोडून तपासणी करून घेतली, तेव्हा आतील १६ चॅनेलपैकी एकही भारतात खुल्या असलेल्या पट्ट्यात नव्हता. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. युरोपातही हाच पट्टा सर्वसामान्यांसाठी खुला असून तिथे शक्तीची मर्यादा अर्धा वॅट आहे. त्याबाहेरचा संच परवान्याशिवाय जवळ बाळगणे, हेच १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून गुन्हा मानले गेले आहे. म्हणजे फसवणारा पैसे घेऊन निघून जातो आणि फसलेला शेतकरी कायद्यापुढे उभा राहतो. त्यातही व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला, रात्रीच्या वेळी, शिकाऱ्याचे चित्र असलेल्या डब्यातील संच हातात सापडला, तर आपण धान राखत होतो हे पटवून देणे किती कठीण जाईल, याचा विचार करावा. आमच्या वनरक्षकाने समजूतदारपणे संच बंद करून ठेवायला सांगितले. सर्वत्र तसेच होईल असे मानू नये.

विक्रेत्याने पक्के बिल दिलेच नव्हते. कोऱ्या पावतीवर रक्कम लिहिली होती, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात घेतले होते. प्रदर्शन उठल्यावर त्याचा फोन बंद झाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पण पत्त्याशिवाय नोटीस कोणाला पाठवायची हा प्रश्न अजून उभा आहे. प्रदर्शनाच्या आयोजकांकडे स्टॉलच्या नोंदणीची प्रत लेखी मागितली आहे.

वॉकी-टॉकी घेताना डब्यावर नेमकी फ्रिक्वेन्सी छापलेली आहे का, ते आधी पाहावे आणि दूरसंचार विभागाच्या मान्यतेचे, म्हणजे ईटीए प्रमाणपत्र मागावे. ‘४०० ते ४७०’ असा ऐसपैस पट्टा किंवा ‘५ वॅट’ आणि ‘लायसन नको’ हे एकत्र दिसले, तर तो संच परत ठेवावा. ऑनलाइन विक्रीतही हाच प्रकार सुरू असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये विक्री-संकेतस्थळांना नोटिसा दिल्या आणि अशा उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. रेंजची परीक्षा मात्र आपल्याच वावरात, आपल्याच जंगलाच्या आडून, दोन्ही माणसे जमिनीवर उभी ठेवून घ्यावी, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ज्यांनी त्याच प्रदर्शनातून असे संच घेतले असतील, त्यांनी ते सुरू करू नयेत, पण फेकूनही देऊ नयेत. डबा, पावती, यूपीआयची नोंद आणि विक्रेत्याचे संदेश जपून ठेवावेत. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, म्हणून आम्ही एकत्र तक्रार करण्याची तयारी करत आहोत.